नागपुरात ईटिंग डिसऑर्डरवाल्यांसाठी समोरासमोर बसणारा ग्रुप हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारू सोडायची इच्छा असलेल्या माणसाला नागपुरात आज संध्याकाळी जाऊन बसायला जागा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मिटिंगा आपल्या शहरात वर्षानुवर्षं चालू आहेत, तिथे कोणी फी मागत नाही, आडनाव विचारत नाही. पण जी मुलगी जेवण झालं रे झालं की बाथरूमचं दार लावून घेते, किंवा जी दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणून उठते आणि रोज थोडी थोडी संपत चालली आहे, किंवा जो माणूस सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात सुटतो आणि मग सकाळपर्यंत स्वतःचा तिरस्कार करतो, अशा ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार असलेल्यांनी कुठे जायचं? मी बरीच विचारपूस केली, डॉक्टरांना विचारलं, कॉलेजातल्या काउन्सेलर मॅडमना विचारलं, ओळखीच्या सोशल वर्करना विचारलं, मला तरी असा समोरासमोर बसणारा मराठी ग्रुप नागपुरात सापडला नाही. कुठे चालत असेल तर कोणीतरी आपल्याच पेपरात दोन ओळी लिहून कळवा, मला मनापासून आनंद होईल आणि मी पुढच्याच बैठकीला येईन.

मी स्वतः बुलिमियातून, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटीने बाहेर काढायच्या आजारातून, बाहेर आलेली बाई आहे. तिशी ओलांडलीये, नोकरी करते, प्रतापनगर भागात राहते. नाव छापू नये ही विनंती, घरच्यांशी बोलून तसं ठरलंय.

हे खाण्याचे आजार आपल्याकडे लोकांना माहीत नाहीत असं मी म्हणणार नाही, नाव ऐकलेलं असतं, पण चित्र एकच असतं की हाडाचा सापळा झालेली परदेशातली मॉडेल. ते अ‍ॅनोरेक्सियाचं, म्हणजे खाणं तोडत तोडत संपत जाण्याच्या आजाराचं, चित्र झालं, आणि अ‍ॅनोरेक्सिया खरंच मानसिक आजारांमधल्या सगळ्यात जीवघेण्या आजारांपैकी आहे. पण बुलिमियात वजन बहुतेक वेळा चारचौघींसारखंच असतं त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. लंडनच्या जेराल्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं तेच मुळी १९७९ मध्ये, आणि बिंज ईटिंगला, म्हणजे थांबता न येता खात सुटण्याच्या आजाराला, अमेरिकेतल्या डीएसएम या मानसोपचाराच्या पुस्तकात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली २०१३ मध्ये, म्हणजे त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या कित्येक डॉक्टरांनी तो वेगळा आजार म्हणून अभ्यासलेलाच नाही. एका डॉक्टरांनी माझ्या आईला सांगितलं होतं लग्न झालं की आपोआप ठीक होईल. एका डाएटिशियनकडे गेले तर सगळं ऐकून त्यांनी वजन कमी करायचा चार्ट दिला. माझ्या बाबतीत पहिल्यांदा लक्षात आलं ते दातांच्या डॉक्टरांच्या, कारण वारंवार उलटी झाली की पोटातल्या अ‍ॅसिडने दातांचं वरचं कवच झिजतं, आणि त्या बाईंनी खुर्ची सरळ करून, असिस्टंटला बाहेर पाठवून, अगदी हळू आवाजात विचारलं. त्यांनी विचारलं नसतं तर पुढे काय झालं असतं मला माहीत नाही. रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम खूप खाली होतं, ते तसं खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस अचानक जाऊ शकतो, अगदी वजन नॉर्मल असलेला, हसतखेळत ऑफिसला जाणारा माणूस सुद्धा.

आणि आपल्या घरांमध्ये हे लपवणं किती सोपं आहे बघा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावण तर अख्खा महिना. "माझा उपवास आहे" म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, उलट कौतुक होतं की आजकालची मुलगी असून किती करते. मी श्रद्धेने उपवास करणाऱ्या कोणाबद्दलही बोलत नाहीये, माझी आजी आयुष्यभर करत आली आणि तिच्यासारखी निरोगी बाई मी पाहिली नाही. पण ज्या मुलीला हा आजार आहे तिच्यासाठी उपवास हे सगळ्यात सुरक्षित लपायचं ठिकाण असतं आणि घरातल्या कोणालाच ते दिसत नाही. उपचार सुरू झाल्यावर सायकियाट्रिस्टनी सांगितलं एकही उपवास नाही, तेव्हा मला वाटलं आजी चिडेल. आजी म्हणाली, "देवाले सांगतो मी, तू जेव." तेवढ्यावर तो विषय घरात संपला. सगळ्यांच्या घरी आजी अशी नसते हेही मला ग्रुपमध्ये आल्यावर कळलं.

तर ग्रुप. माझ्या सायकॉलॉजिस्टनी मला एका ऑनलाइन ग्रुपमध्ये जोडून दिलं, दुसऱ्या शहरातल्या एक थेरपिस्ट तो चालवायच्या, रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर. मी आधी नाहीच म्हणत होते. जे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते अनोळखी चेहऱ्यांना काय सांगणार. पहिल्या वेळी मी कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत बसले. एक बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, शाळेत शिक्षिका, त्या सांगत होत्या की बिस्किटांचे रिकामे पुडे त्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवतात आणि कचऱ्याची गाडी आली की घरातलं दुसरं कोणी खाली जायच्या आत स्वतः धावत जातात. मी इकडे स्क्रीनसमोर रडायला लागले कारण मीही हेच करायची, गाडीच्या गाण्याचा आवाज लांबून आला तरी माझ्या छातीत धडधडायचं, आणि मला इतकी वर्षं खात्री होती की असं घाणेरडं वागणारी अख्ख्या जगात मी एकटीच. डॉक्टर मला हे दहा वेळा म्हणाल्या असत्या की तू एकटी नाहीस तरी मला ते पटलं नसतं, कारण डॉक्टरांचं ते कामच आहे बोलायचं. त्या शिक्षिका बाईंना मला बरं वाटावं म्हणून बोलायचं काही कारण नव्हतं.

त्याच ग्रुपमध्ये थेरपिस्टनी आम्हाला मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं ते शोधण्यासाठी. हे धडधाकट पुरुष, ज्यांना आरशाशी की वजनाशी काही घेणंदेणं नव्हतं, ते काही महिन्यांत खाण्याशिवाय दुसरा विचार करेनासे झाले, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे, एका जेवणाला तास तास लावायचे, ताटं चाटायचे, चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, आणि नंतर खायला मिळायला लागल्यावर काहीजणांना पोट तुडुंब भरलं तरी थांबता येत नव्हतं. हे ऐकून कॉलवर कितीतरी वेळ कोणी बोललंच नाही. आम्ही प्रत्येकजण समजत होतो की आपल्यात विल पॉवर नाही, आपण हावरट आहोत, आणि इथे कळतंय की उपाशी ठेवलेलं कोणाचंही शरीर आणि डोकं असंच वागतं. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण ती ऐकताना समोर तसेच दहाबारा चेहरे असतील तर ती आत उतरते.

आता मला मुद्दाम सांगायचंय की कोणताही ग्रुप चालत नाही, आणि हे मी कळकळीने लिहितेय. फोनवर शोधाल तर असे कितीतरी ग्रुप सापडतील जिथे मुली एकमेकींना आकडे सांगतात, फोटो टाकतात, आईपासून कसं लपवायचं ते शिकवतात, आणि सोळा वर्षांच्या मुलीला तिथे जी मैत्री मिळते ती खरी वाटते म्हणूनच ती जास्त घातक असते. दारूच्या मिटिंगचं मॉडेल जसंच्या तसं उचलूनही भागत नाही. त्याच धर्तीवर ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस नावाची संघटना १९६० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली, तिचा कित्येकांना फायदा झाला असं ते सांगतात आणि मी त्यांना खोटं म्हणणार नाही, पण दारू आयुष्यभरासाठी सोडता येते, जेवण दिवसातून तीनचार वेळा समोर येणारच, आणि ज्यांचा आजारच "हे खायचं नाही ते खायचं नाही" यातून सुरू झाला त्यांना आणखी एक वर्ज्य पदार्थांची यादी देणं मला स्वतःला धोक्याचं वाटतं. आमच्या ग्रुपमध्ये नियम उलटा होता, कोणत्याही पदार्थाला वाईट म्हणायचं नाही.

बाकीचे नियमही सांगते कारण ज्यांना असा ग्रुप सुरू करायचाय त्यांच्या उपयोगाचे आहेत. आकडा बोलायचा नाही, वजनाचा नाही, कॅलरीचा नाही, कपड्याच्या साइजचा नाही, किती दिवस खाल्लं नाही त्याचा तर नाहीच, कारण एकीने आकडा सांगितला की दुसरीच्या डोक्यात लगेच स्पर्धा सुरू होते. काय केलं ते सांगता येतं, कसं केलं ते सांगायचं नाही. कोणाच्या दिसण्यावर बोलायचं नाही, चांगलंसुद्धा नाही, "फ्रेश दिसतेय" हे सुद्धा नाही. न मागता सल्ला द्यायचा नाही. इथलं इथेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुप म्हणजे ट्रीटमेंट नव्हे, प्रत्येकाचा आपापला डॉक्टर असलाच पाहिजे, रक्ताची तपासणी आणि ईसीजी झालेला असला पाहिजे, आणि कोणाची तब्येत खालावतेय असं वाटलं तर थेरपिस्ट त्या व्यक्तीशी वेगळं बोलून डॉक्टरांकडे पाठवणार. ग्रुपमध्ये बसून करायची थेरपी हा वेगळा प्रकार आहे, तोही असतो, इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात बिंज ईटिंगसाठी आधी मार्गदर्शनाखाली सेल्फ हेल्प आणि ते पुरेसं पडलं नाही तर ग्रुपमध्ये सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), दर आठवड्याला दीड तास असं चार महिने, हे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे तेही सुरू व्हावं. पण मी आज मागतेय ते त्याहून साधं आहे.

ग्रुपचा मला सगळ्यात जास्त उपयोग कधी झाला तर महालक्ष्म्यांना. विदर्भातल्या लोकांना मी काय सांगू, भाद्रपदातल्या त्या दिवशी घरात पंचवीसतीस माणूस, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे, सोळा भाज्यांची भाजी, आणि आग्रह तर असा की पान रिकामं दिसलं की वाढलंच. आजारात असताना मला तो सण महिनाभर आधीपासून छळायचा. ग्रुपमध्ये आम्ही त्या एका दिवसाची नीट तयारी केली. पंगतीत माझ्या डावीउजवीकडे कोण बसणार ते ठरवलं, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला लहान चुलतभाऊ जो सारखा बडबड करतो. आत्या म्हणणार, "काऊन एवढंसंच घेऊन राहिली, डाएटिंग करतं का", तर त्यावर माझं एक वाक्य ठरलेलं, ते मी ग्रुपमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं, एकजण आत्या झाली होती. सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, हे तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण संध्याकाळी पंगत आहे म्हणून दिवसभर उपाशी राहिलं की रात्री हमखास घोटाळा होतो. आणि जेवणानंतरचा तास, जो आमच्यासाठी सगळ्यात अवघड असतो, तो एकटीने घालवायचा नाही, बहिणीबरोबर गच्चीवर जाऊन बसायचं, आणि ग्रुपमधली एकजण फोनवर असणार. ती मुलगी त्या रात्री तिच्या गावी तिच्या घरी गौरीचं सगळं आवरून माझ्या मेसेजची वाट बघत जागी राहिली. मी त्या वर्षी पुरणपोळी खाल्ली, तूप घालून, आणि ती पोटात राहू दिली.

पण आई त्या ग्रुपमध्ये कधी बसू शकली नाही. तिथे सगळं हिंदी-इंग्रजीत चालायचं, आणि घरच्यांसाठी वेगळी बैठक होती तीही इंग्रजीत. आई एकदा बसली होती माझ्या शेजारी, खूप लक्ष देऊन ऐकलं, आणि नंतर म्हणाली मले अर्धं समजलं अन् जे समजलं त्यावर बोलाची हिंमत नाही झाली. तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच होतं की मी आई म्हणून कुठे कमी पडली. हा आजार आईबापांमुळे होत नाही, त्यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो, आणि लहान मुलामुलींच्या बाबतीत तर आईबाबांना सोबत घेऊन केलेली फॅमिली थेरपीच सगळ्यात आधी सुचवतात, हे तिला दुसऱ्या एखाद्या आईच्या तोंडून मराठीत ऐकायला मिळालं असतं तर ती इतकी वर्षं आतल्या आत जळली नसती. आईबाबांना साध्या साध्या गोष्टी कळायला हव्या असतात, ताटावर बसून भांडण करायचं की नाही, बाथरूमबाहेर उभं राहायचं की नाही, नातेवाइकांना काय सांगायचं. आणि काही गोष्टी जीवावरच्या असतात, जसं की खूप दिवस अगदी कमी खाल्लेल्या मुलीला एकदम भरभरून खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येऊन जीवाला धोका होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं लागतं. मायेने "खा बेटा, खा" म्हणणाऱ्या किती घरांना हे माहीत आहे?

म्हणून माझं म्हणणं असं की नागपुरात पंधरा दिवसांतून एकदा दोन खोल्या हव्यात, एक आजारातून जाणाऱ्यांसाठी आणि शेजारचीच दुसरी घरच्यांसाठी, एकाच वेळी, म्हणजे मुलगी आईसोबत येईल आणि दोघी आपापलं बोलून एकत्र घरी जातील. अठराच्या खालच्यांची बैठक वेगळी ठेवावी. जागा सीताबर्डीजवळ असावी असं मला वाटतं, कारण मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे भेटतात, खापरी असो, ऑटोमोटिव्ह चौक असो, लोकमान्य नगर असो की पारडीकडचं प्रजापती नगर, हॉस्टेलला राहणारी मुलगी कोणाला गाडी न मागता येऊ शकते. आणि नागपुरात हॉस्टेलला किती मुलंमुली राहतात ते आपल्याला माहीतच आहे, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीहून नीट-जेईईसाठी आलेली, मेसचा डबा अर्धा टाकून दिला तर बघणारं कोणी नाही. धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलात ठेवू नये, धंतोलीत कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच आणि मग "काय झालं, कोण अ‍ॅडमिट आहे" सुरू होतं. प्रादेशिक मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे पण ज्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात तिथे अठरा वर्षांची मुलगी संध्याकाळी एकटी येणार नाही. एखादं वाचनालय, एखाद्या संस्थेचा छोटा हॉल चालेल, खुर्च्या गोलात लावता आल्या आणि भिंतीवर आरसा नसला की झालं.

खोलीपेक्षा अवघड गोष्ट माणूस मिळणं. या विषयाचं प्रशिक्षण असलेले सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिक सोशल वर्कर पाहिजेत, आणि त्यांच्यासोबत आजारातून बऱ्यापैकी बाहेर आलेलं एक माणूस. मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत, तिथले डॉक्टर, शिकणारे निवासी डॉक्टर, खाजगी प्रॅक्टिस करणारे, कोणीही दोघंतिघं आळीपाळीने यायला तयार झाले तरी सुरुवात होईल. आणि मुलांनाही बोलवा, हे विसरू नका. हा बायकांचा आजार समजला जातो त्यामुळे मुलगा बोलतच नाही, जिममध्ये जाऊन तासन्‌तास घाम गाळणारा आणि घरचं काहीही खायला घाबरणारा मुलगा दिसला की आपण त्याला शिस्तीचा म्हणतो. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, तो कितीतरी आठवडे फक्त "मी आज ऐकतो" एवढंच म्हणायचा.

आपल्याला एक विनंती. सणांच्या आधी सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमध्ये वजन कमी करण्याची पानं असतात, त्या पानावर खाली टेलिमानसचा नंबर १४४१६ छापाल का? ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. ज्या मुलीला ते पान वाचून उद्यापासून जेवण बंद करावंसं वाटतं तिच्या नजरेला तो नंबर तिथेच पडला पाहिजे, आतल्या आरोग्याच्या पानावर नको. मात्र चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, उभं राहता येत नाही असं होत असेल तर फोनवर बोलत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना खाण्याचं खरं काय ते सांगा, नाहीतर ते सलाइन लावून घरी पाठवतील.

मी दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी यायला, खुर्च्या लावायला, दारात उभी राहून पहिल्यांदा आलेल्याला आत घेऊन यायला तयार आहे. माझी बहीणही येईल, आई घरच्यांच्या खोलीत बसेल, तिने स्वतः सांगितलंय. माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर आपल्या कार्यालयासाठी दिलाय. ज्या तज्ज्ञांना वेळ देता येईल किंवा ज्या संस्थेला खोली देता येईल त्यांनी आपल्याकडे पत्र पाठवलं तर ते कृपया माझ्यापर्यंत पोचवावं. नवरात्राच्या आधी पहिली बैठक झाली तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर